वाचक विचारतात: हिटलरच्या राज्यात गावच्या फादरचं काय चालायचं?

मागच्या अंकात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात जो पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता त्यावर लेख होता. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की ही माणसं आपल्याकडं निवांत मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) ऐकत होती तेव्हा तिकडं हिटलरच्या राज्यात कॅथलिक फादर लोकांचे हाल चालले होते. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न शक्यतो जसे आले तसेच ठेवलेत.

आपल्याकडं ख्रिश्चन म्हटलं की मिशन कंपाऊंड आणि मिरजेचं वान्लेस हॉस्पिटल एवढंच माहिती. हे गावचे फादर म्हणजे नेमकं काय ओ, आणि युद्ध चालू असताना त्यांचा दिवस कसा जायचा? (कसबा बावडा)

मिशन आणि वान्लेस हे प्रॉटेस्टंट, त्यांचे पाळक लग्न करतात, त्यांना पोपचं काही देणंघेणं नाही. जर्मनीत तेव्हा प्रॉटेस्टंटच जास्त होते, पण साधारण तीनातला एक माणूस कॅथलिक होता, म्हणजे दोन कोटींच्या आसपास, आणि बव्हेरिया, ऱ्हाईनचा काठ, म्युन्स्टरकडचा भाग असे पट्टेच्या पट्टे कॅथलिक. तिथं गावचा फादर म्हणजे बारशापासून मयतापर्यंत सगळ्यांच्या घरात पाय असलेला माणूस. वर बिशप, बिशपच्या वर पोप, आणि खाली मदतीला एखादा तरुण फादर, त्याला काप्लान म्हणायचे.

आता दिवस. रात्री विमानं आली, भोंगा वाजला, सगळं गाव तळघरात. १९४० मधे सरकारनं फर्मान काढलं की रात्री हवाई हल्ल्याचा इशारा झाला असेल तर सकाळी १० च्या आत चर्चमधे उपासना सुरू करायची नाही. कारण दिलं लोकांना झोप मिळावी म्हणून! ऐकायला किती काळजीचं वाटतं. पण कॅथलिक नियम तेव्हा असा होता की कम्युनियन (मिस्सेतला भाकरीचा प्रसाद) घ्यायची तर मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि ज्या कामगाराची शिफ्ट सकाळी आहे तो १० ला येणार कसा? म्हणजे बंदी न घालता निम्मं चर्च रिकामं. आणि फादर स्वतः, रात्रभर तळघरात म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून सकाळी उपाशीपोटी १० ची वाट बघत बसायचा, रविवारी दोन ठिकाणी मिस्सा असली तर दुपारपर्यंत घशाला कोरड. मधल्या वारी येणारे मोठे सणही युद्धाचं कारण सांगून रविवारवर ढकलले, कारखाना बंद पडू नये म्हणून.

मग घंटा. काशाची घंटा म्हणजे तांबं आणि कथील, दोन्ही तोफगोळ्यांच्या कारखान्याला हवं असायचं, त्यामुळं १९४० पासून देशभरातल्या घंटांची यादी केली आणि ए, बी, सी, डी असे वर्ग पाडले. ए म्हणजे लगेच वितळवायची, डी म्हणजे फार जुनी, ठेवायची. गंमत बघा (गंमत कसली), पहिल्या महायुद्धातही घंटा नेल्या होत्या, मग गावांनी वीसच्या दशकात पैसे गोळा करून नव्या ओतून घेतल्या, आणि नव्या म्हणूनच त्या ए वर्गात गेल्या. एकाच पिढीनं आपल्या गावची घंटा दोनदा मनोऱ्यावरून उतरताना बघितली. बऱ्याच गावात तिला हार घालून, फोटो काढून निरोप दिला आणि मागं एक बारकी घंटा ठेवली. नेलेल्या घंटांचा हॅम्बुर्गच्या बंदरात ढीग लागलेला असायचा.

पण मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम टेबलावरचं होतं. जर्मन साम्राज्यात सरकारी जन्मनोंद सुरू झाली १८७६ पासून. त्याच्या आधीचं बहुतेक सगळं चर्चच्या रजिस्टरात. १९३३ नंतर सरकारी नोकरी टिकवायची, नाझी पार्टीत शिरायचं, पुढं लग्न करायचं, की आजी-आजोबा ‘आर्य’ होते, म्हणजे ज्यू नव्हते, याचा पुरावा द्या. मग अख्खा देश फादरच्या दारात. आपल्याकडं दोन-तीन वर्षांमागं कुणबी नोंदी शोधायला लोक मोडी वाचणाऱ्याला घेऊन जुनी दप्तरं उलगडत होते ना, तसंच रोजचं चाललेलं, फक्त तिथं नोंद सापडली नाही तर माणूस नोकरीतून आणि शेवटी देशातूनच बाद. फादर चष्मा लावून शंभर वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याची ओळ उतरवून काढायचा, सही-शिक्का मारायचा. ज्याच्या आजोबाचा बाप्तिस्मा मोठेपणी झालेला दिसला, म्हणजे आजोबा आधी ज्यू असणार, त्याचं काय होणार हे कागद देणाऱ्यालाही कळत होतं. बहुतेकांनी कागद दिले. चर्चनं या कामाला सामुदायिक नकार दिलेला नाही, हे लिहायलाच पाहिजे.

चर्चनं तर हिटलरशी करार केला होता असं वाचलंय. मग तक्रार कशाची? (इचलकरंजी)

केला होता. २० जुलै १९३३, व्हॅटिकनतर्फे सही कार्डिनल (पोपच्या खालोखालचा मान) पाचेल्ली यांची, तेच पुढं १९३९ ला पोप झाले, पायस बारावे. करारात असं, की चर्चच्या शाळा, संघटना, नेमणुका याला सरकार हात लावणार नाही आणि बदल्यात फादर लोकांनी पक्षीय राजकारणात पडायचं नाही. हिटलरला सत्तेवर येऊन सहा महिने होत नव्हते, त्याला जगात इज्जत मिळाली, आणि बिशप लोकांना वाटलं आपल्याकडं निदान लेखी काहीतरी आलं.

पुढच्या चार वर्षात तरुणांच्या संघटना मोडत आणल्या, मठातल्या लोकांवर परकीय चलनाचे आणि अनैतिकतेचे खटले भरून पेपरात रकानेच्या रकाने छापले. तेव्हा १९३७ मधे पोप पायस अकरावे यांनी मुद्दाम लॅटिनऐवजी जर्मनमधे पत्र लिहिलं, ते चोरून देशात आणलं, गुपचूप छापलं, आणि २१ मार्चला झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) सगळ्या चर्चमधून एकदम वाचून दाखवलं. गेस्टापोला, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांना, आदल्या दिवशी सुगावा लागला तोवर उशीर झाला होता. ज्यांनी छापलं त्यातल्या कित्येकांचे छापखाने मात्र गेले.

करार शेवटपर्यंत रद्द कुणीच केला नाही. दोघांनाही तो कागदावर हवाच होता.

फादर लोक व्यासपीठावरून बोलायचे का नाही? का सगळे गप्पच? (शिवाजी पेठ)

बोलायचे, पण कसं बोलायचे ते बघा. मागच्या बाकावर एकजण वहीत लिहीत बसलेला असायचा आणि तो कोण हे गावाला माहिती असायचं. प्रवचनात राजकारण आणलं तर शिक्षा असा कायदा बिस्मार्कच्या काळापासून, १८७१ पासून होताच, त्यात १९३४ ला सरकारविरुद्ध ‘कुजकट’ बोलण्याबद्दलचा कायदा आला, आणि युद्ध सुरू झाल्या दिवशी परदेशी रेडिओ ऐकणंही गुन्हा झालं. शिवाय कोर्टात न जाताच गेस्टापो शाळेत शिकवायला बंदी घालायची, जिल्ह्यातून हाकलायची, किंवा फादरकडून डिपॉझिट भरून घ्यायची की परत तोंड उघडलं तर पैसे जप्त. साधारण १२ हजार जर्मन फादरवर यातलं काही ना काही आल्याची नोंद आहे. बहुतेकांचा गुन्हा काय म्हणाल तर कुणाच्या तरी मयतात काहीतरी बोलले, पोलिश कामगाराला जेवू घातलं, ‘हाईल हिटलर’ न म्हणता नमस्कार केला, असं.

मोठा आवाज उठला तो म्युन्स्टरच्या बिशपचा, क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन. १९४१ च्या जुलै-ऑगस्टमधे तीन प्रवचनं दिली. शेवटच्यात, ३ ऑगस्टला, त्यांनी सरळ सांगितलं की वेड्यांच्या दवाखान्यातून पेशंट नेऊन मारले जातायत, आणि माणूस आता काही कमवत नाही म्हणून मारायचा असेल तर उद्या हातपाय गमावून आलेल्या जवानालाही मारणार का, म्हाताऱ्या आईबापांनाही? ते ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरचा एक पोरगा आघाडीवर होता, त्यामुळं बरोबर वर्मावर बसलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला हिटलरनं तो कार्यक्रम थांबवायचा हुकूम दिला. तोवर ७० हजारांवर माणसं गॅसनं मारून झाली होती, आणि नंतरही औषधं देऊन, उपाशी ठेवून मारणं चालूच राहिलं, पण उघड्यावर थांबलं. पार्टीतले काहीजण म्हणत होते गालेनला फाशी द्या, प्रचारमंत्री गोबेल्सनं सांगितलं की तसं केलं तर युद्ध संपेपर्यंत म्युन्स्टर आणि अख्खा वेस्टफालिया हातचा गेला समजा. मग ठरलं, युद्ध जिंकलं की हिशोब करू. गालेन १९४६ ला कार्डिनल होऊन आजारपणानं वारले.

आणि इथंच खरी मेख आहे. ती प्रवचनं टाईप करून, कार्बन लावून, हातानं उतरवून देशभर फिरत होती. ल्युबेक गावात योहान्नेस प्रासेक, हेर्मान लांगे आणि एडुआर्ड म्युलर हे तीन तरुण काप्लान ती प्रवचनं लोकांना देत होते, बरोबर कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक हे प्रॉटेस्टंट पाळक. प्रासेकनं तर पोलिश मजुरांची पापांची कबुली ऐकता यावी म्हणून पोलिश भाषा शिकून घेतलेली. १९४२ मधे चौघांनाही धरलं आणि १० नोव्हेंबर १९४३ ला हॅम्बुर्गच्या जेलमधे काही मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ मुंडकी उडवली. ज्यानं प्रवचन दिलं त्याला हात लागला नाही, ज्यांनी त्याची कॉपी वाटली ते गेले. बिशपमागं जनता होती, काप्लानमागं कोण? त्या काळातल्या चर्चबद्दल लोक ‘चर्चनं विरोध केला’ किंवा ‘चर्च गप्प बसलं’ असं एका वाक्यात बोलतात ना, तेव्हा मला हेच म्हणायचं असतं की कोणतं चर्च ते सांगा, वाड्यातलं का गल्लीतलं.

अजून एक, हे वाचून तर डोकंच फिरतं. हिल्डेसहाईमजवळ ग्रोस ड्युन्गेन म्हणून गाव आहे, तिथले फादर योसेफ म्युलर (वरच्या म्युलरचा यांच्याशी संबंध नाही). त्यांनी ओळखीत एक जोक सांगितला. मरणाला टेकलेला जवान म्हणतो, मी ज्यांच्यासाठी मरतोय त्यांना बघू तरी द्या. नर्स एका बाजूला हिटलरचा आणि दुसऱ्या बाजूला त्याचा उजवा हात ग्योरिंग याचा फोटो आणून ठेवते. तो म्हणतो, आता मी येशूसारखा मरतोय, दोन चोरांच्या मधोमध. (येशूला क्रुसावर दिलं तेव्हा दोन्ही बाजूला चोर होते, म्हणून.) एवढंच. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी वर कळवलं. केस गेली बर्लिनच्या ‘लोकन्यायालयात’, तिथं फ्रायस्लर नावाचा आरडाओरडा करणारा जज्ज, त्यानं जुलै १९४४ मधे मृत्युदंड दिला आणि ११ सप्टेंबरला ब्रान्डेनबुर्गच्या जेलमधे अंमलबजावणी झाली. नंतर घरच्यांना खर्चाचं बिल पाठवलं. मारल्याचा खर्च! असं बिल पाठवायची तेव्हा पद्धतच होती.

कट नाही, बंदूक नाही, एक जोक. आणि सांगितला तो आपलं समजून. गेस्टापोची माणसं एवढी नव्हतीच की प्रत्येक गावात एक बसवावा, बरीचशी कामं शेजारच्यांच्या चिठ्ठ्यांवरच भागायची.

ज्यू लोकांसाठी कुणी बोललं का? खरं उत्तर द्या प्लीज, गुळमुळीत नको. (कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी)

खरं उत्तर, फार थोडे. बर्नहार्ड लिख्टेनबर्ग हे बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलचे मुख्य फादर. नोव्हेंबर १९३८ मधे सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले त्या रात्रीनंतर ते रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मोठ्यानं ज्यूंसाठी प्रार्थना करायला लागले. रोज, आणि राजधानीत. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं, मग चर्च बघायला आलेल्या दोन विद्यार्थिनींनी ऐकलं आणि तक्रार केली, ऑक्टोबर १९४१ मधे अटक. दोन वर्षं शिक्षा भोगून झाल्यावर सोडायच्या ऐवजी डाखाऊ छळछावणीला पाठवायला काढलं, वाटेतच होफ गावात ५ नोव्हेंबर १९४३ ला वारले. वय झालेलं, आजारी. त्यांनी तर हद्दपार होणाऱ्या ज्यूंबरोबर मलाही पाठवा अशी इच्छा बोलून दाखवली होती.

पण बिशप मंडळी एकत्र येऊन ‘ज्यू’ हा शब्द घेऊन जाहीरपणे कधी बोलली नाहीत. ब्रेस्लाऊचे कार्डिनल बेर्ट्राम सगळ्यांचे अध्यक्ष, त्यांचा मार्ग म्हणजे सरकारला अर्ज-विनंत्या, आणि १९४० ला त्यांनी हिटलरला वाढदिवसाच्या शुभेच्छाही पाठवल्या, त्यावरून बर्लिनचे बिशप प्रायझिंग भडकले होते. १९४३ मधे दहा आज्ञांवर जे संयुक्त पत्र निघालं त्यात निरपराधांना मारणं पाप आहे, ते परक्या वंशाचे असले तरी, असं लिहिलंय. कळणाऱ्याला कळलं असेल. पण तोवर गाड्या भरभरून जाऊन दोन वर्षं होत आली होती. गालेननं पेशंटसाठी जे केलं ते ज्यूंसाठी केलं नाही, आणि पेशंटच्या बाबतीत बोलल्याचा परिणाम झालेला दिसत असताना केलं नाही, त्यामुळं ‘बोलून काय उपयोग झाला असता’ हा बचाव मला पटत नाही. शिवाय सगळे फादर मनातून विरोधातच होते असंही समजू नका, काहीजण तर उघड पार्टीवाले होते, आणि पोलंडवर हल्ला झाला तेव्हा ‘पितृभूमीसाठी’ प्रार्थना करणारे तर बहुतेक सगळेच.

आमचं घर कॅम्पच्याच जागेवर आहे. आजोबा सांगायचे वळिवड्यात पोलिश बायकांचं मोठं चर्च होतं. त्यांच्या देशातल्या फादर लोकांचं काय झालं? (गांधीनगर)

आजोबांचं बरोबर आहे. १९४३ ते ४८ कॅम्प होता, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-पोरं, त्यांना रशियानं सायबेरियाकडं नेलेलं, तिथून इराणमार्गे इकडं आली. शाळा, चर्च, स्काऊट सगळं त्यांनी इथं उभं केलं. महावीर गार्डनमधला स्मृतिस्तंभ त्यांचाच.

त्यांच्या देशाचा अर्धा भाग रशियानं घेतलेला, दुसऱ्या अर्ध्यात जर्मन होते. म्युनिकजवळच्या डाखाऊ छळछावणीत १९४० च्या शेवटापासून सगळीकडचे धर्मगुरू एकत्र आणायला सुरवात झाली, एकूण २,७२० आणले, आणि त्यातले १,७८० पोलिश. जर्मन आणि ऑस्ट्रियन मिळून ४४७. आता पुढचं बघा. जर्मन-ऑस्ट्रियन ४४७ पैकी ९४ मेले आणि २०८ सुटून घरी गेले. पोलिश १,७८० पैकी सुटले फक्त ७८, मेले ८६८. म्हणजे छावणीच्या आतसुद्धा फादर-फादरमधे जात होती. बराक २६ मधे एक छोटं चॅपल करू दिलेलं, १९४१ च्या जानेवारीपासून तिथं मिस्सा व्हायची, पण त्याच वर्षी सप्टेंबरमधे पोलिश फादरना बाजूच्या २८ नंबरमधे काढलं आणि चॅपलला यायचं बंद केलं. मग ते औषधी वनस्पतींच्या मळ्यावर काम करताना, जमिनीवर वाकल्या वाकल्या, डबीत लपवलेल्या भाकरीच्या तुकड्यावर मिस्सा म्हणायचे. मलेरियाचे प्रयोगही त्यांच्यावर झाले, क्लाउस शिलिंग नावाचा सत्तरीचा डॉक्टर होता, त्याला १९४६ ला फाशी झाली.

बाहेर जर्मन गावातही तेच. शेतावर, कारखान्यात पोलिश मजूर आणले होते, कपड्यावर ‘पी’चा बिल्ला. त्यांना जर्मन लोकांबरोबर मिस्सेला बसायची बंदी, वेगळी मिस्सा, त्यात पोलिश गाणी नाहीत, कबुलीसुद्धा पोलिशमधे द्यायची नाही. गावच्या फादरनं एखाद्याला मागच्या दारानं आत घेतलं की झाली तक्रार.

डाखाऊतलं एक सांगतो आणि थांबतो. कार्ल लाइस्नर, म्युन्स्टरकडचा मुलगा, फादर व्हायच्या एक पायरी अलीकडं असताना पकडला, क्षयरोग झालेला. १७ डिसेंबर १९४४ ला त्याच चॅपलमधे, पहारेकऱ्यांच्या नकळत, त्याला फादरची दीक्षा दिली. दीक्षा द्यायला बिशपच लागतो, आणि तो मिळाला कैद्यांमधेच, फ्रान्सचे बिशप पिगे, शत्रू देशाचे. लाइस्नरनं २६ डिसेंबरला आयुष्यातली एकुलती एक मिस्सा म्हटली. एप्रिलमधे अमेरिकन आले, छावणी सुटली, ऑगस्टमधे तो गेला.

फादर लोकांना सैन्यात घेत होते का? एका ओळीत सांगितलं तरी चालेल. (गडहिंग्लज)

एका ओळीत नाही बसत, दोन घ्या. गावाचा मुख्य फादर कराराप्रमाणं सुटलेला, पण तरुण काप्लान आणि सेमिनरीतली (फादर व्हायला शिकणारी) पोरं नेली, थोडे लष्करी फादर म्हणून आणि बाकीचे बहुतेक स्ट्रेचर उचलायला, जखमा बांधायला. त्यामुळं १९४४ पर्यंत बऱ्याच गावात साठी ओलांडलेला एकच फादर उरला, आणि शेजारच्या दोन-तीन गावच्या मिस्सा, शाळा नि मयतं पण त्याच्याचकडं, सायकलवरून.